रात्रपाळीची शिकवणी

ह्यांना कंपवाताचे निदान झाले त्याला आता अकरा वर्षे होत आली. पहिली काही वर्षे गोळ्यांच्या आधारावर बरी गेली. सकाळचे फिरणे, बँकेची कामे, वर्तमानपत्रातील शब्दकोडे, सारे हळूहळू का होईना चालू होते. पुढे मात्र पावले जमिनीला चिकटू लागली, आवाज खोल गेला आणि रात्री अंथरुणात कूस बदलणेही स्वतःहून जमेनासे झाले. दर दोन तासांनी उठून मी त्यांना कुशीवर वळवत असे. माझे वय तेव्हा सत्तर. एके पहाटे त्यांना वळवताना माझ्याच कमरेत अशी चमक भरली की आम्ही दोघेही तसेच अवघडून पडून राहिलो. शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन कामाच्या बाई आत आल्या तेव्हा सुटका झाली. त्याच दिवशी आमच्या लेकीने बंगळुरूहून फोनवर निक्षून सांगितले, "आई, आता रात्रीसाठी परिचारिका हवीच."

ब्यूरोमार्फत ती आमच्याकडे आली ती २०२२ च्या जूनमध्ये. वय सव्वीस, गाव परभणी जिल्ह्यातले. रात्री आठ ते सकाळी आठ अशी तिची पाळी. आम्ही तिला 'सिस्टर' म्हणू लागलो आणि ती आम्हांला आजी-आजोबा. ब्यूरोतून बहुधा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या मदतनीस मुली येतात. ही मात्र तीन वर्षांचे जीएनएमचे शिक्षण पूर्ण केलेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली, एका खासगी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात चार वर्षे काम केलेली परिचारिका होती. अशी मुलगी घरगुती रात्रपाळीला का आली, हे कोडे मला तिसऱ्या रात्री उलगडले. एकच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, तर ह्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून ती लहान दिव्याच्या उजेडात काहीतरी पुटपुटत होती. मांडीवर पुस्तक होते.

"काय वाचतेस गं?"

"जर्मन, आजी. दिवसा क्लास असतो. हॉस्पिटलात पाळ्या सारख्या बदलतात, मग क्लास बुडतो. इथं रात्र ठरलेली, म्हणून ब्यूरोत नाव घातलं."

ह्यांना आम्ही झोपलेले समजत होतो. त्यांनी डोळे न उघडताच अगदी क्षीण आवाजात विचारले, "वोहेर कोमेन झी?"

ती दचकली. मग सावरून म्हणाली, "इख कोमं आउस परभणी." तुम्ही कुठून आलात, असे ह्यांनी विचारले होते आणि मी परभणीहून आले, असे तिने सांगितले होते. ती भाषा त्यांच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकत होते.

१९७४ साली ह्यांच्या कंपनीने त्यांना यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने श्टुटगार्टला पाठवले होते. तिथे त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. त्या इस्पितळात केरळच्या परिचारिका होत्या. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत चर्चच्या मध्यस्थीने केरळमधून अनेक तरुण मुली पश्चिम जर्मनीत गेल्या होत्या. बऱ्याच जणींनी परिचर्येचे शिक्षणही तिथेच घेतले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गरज संपल्यावर त्यांच्यापैकी काहींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत आणि त्यांना परतावे लागले. ह्यांना त्या परिचारिकांची फार आठवण होती. रविवारी त्यांच्यातल्या एकीने डब्यातून आणलेला भात आणि माशाची आमटी ह्यांनी, घरात शाकाहारी असूनही, डोळे मिटून खाल्ली होती. ही गोष्ट मला लग्नानंतर दहा वर्षांनी समजली.

कंपवातात आवाज हळूहळू लहान होत जातो आणि गंमत म्हणजे रुग्णाला तो तसा जाणवत नाही. आपण पुरेसे मोठ्याने बोलत आहोत, ऐकणाऱ्यालाच कमी ऐकू येते, असे त्याला वाटते. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी ह्यांना रोज मोठ्याने वाचायला सांगितले होते. वर्तमानपत्रातील अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा ह्यांना विलक्षण कंटाळा. आता मात्र नवीनच प्रकार सुरू झाला. रात्री साडेआठची गोळी घेतली की तिचा परिणाम सुरू होईपर्यंत थांबायचे आणि मग पाऊण तास जर्मन संभाषण. ती परिचारिका आणि हे जर्मन रुग्ण. "वो टूट एस वे?" म्हणजे कुठे दुखते, असे ती विचारी. हे गुडघा, पाठ, पोट अशी उत्तरे देत. आवाज पडला की ती लगेच म्हणे, "लाउटर, बिटे!" म्हणजे, जरा मोठ्याने. आणि तिचे उच्चार चुकले की हे तिला तेच शब्द पाच-पाच वेळा म्हणायला लावत. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी मला विचारले, "कोणता व्यायाम घेताय यांच्याकडून?" मी काय सांगणार?

हळूहळू तिची सगळी हकीकत समजत गेली. चार वर्षांच्या अनुभवानंतर इस्पितळात तिला दरमहा सतरा हजार रुपये मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली अशी शिफारस केली होती की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही परिचारिकेचे वेतन २० हजारांच्या खाली नसावे. शिफारस कागदावर राहिली. गावी तीन एकर कोरडवाहू जमीन, वडिलांचे कर्ज, धाकट्या भावाचे शिक्षण. तिच्याबरोबर शिकलेल्या मुलींची चहूकडे पांगापांग झाली होती. एक आखाती देशात गेली. तिला प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागली आणि वर संगणकावरची परीक्षा. एक इंग्लंडला निघाली होती. इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा प्रात्यक्षिक, तेव्हा कुठे नोंदणी. अमेरिकेची परीक्षा उत्तीर्ण झालेली तिसरी मैत्रीण व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी होती. हिने जर्मनी निवडली, कारण तिथे वृद्धांची संख्या वाढते आहे, काळजी घेणारे हात कमी पडत आहेत आणि भाषा येत असेल तर मार्ग तुलनेने सरळ आहे, असे तिने ऐकले होते.

तिच्या आईला ते पटत नव्हते. एकदा फोन स्पीकरवर होता, तेव्हा त्या माउलीचा प्रश्न माझ्या कानावर पडला. "तिकडं बी म्हातारे माणसंच धुवायचेत ना? मग इथं काय कमी हायेत?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या मनात आले, अगदी बरोबर बोलतेय ही बाई. इथे काय कमी आहेत?

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना आजही हात अडखळतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तिने बी-टू पातळीची परीक्षा दिली. जर्मनीत परिचारिकेचा परवाना मिळवण्यासाठी बहुतेक ठिकाणी एवढी भाषा यावी लागते. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ गुण हवेत. निकाल आला तेव्हा तिला श्रवणात सत्तावन्न गुण होते. रात्रभर जागून, आमच्याकडची पाळी संपवून ती थेट परीक्षेला गेली होती. ध्वनिमुद्रित संभाषण ऐकताना दोनदा डोळा लागला, असे तिने सांगितले. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "होईल गं पुढच्या वेळी," असे म्हटले आणि त्याच क्षणी माझ्या आत काहीतरी सैल झाले. मला बरे वाटले होते. ती आता जाणार नव्हती, निदान काही महिने तरी. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा पहिल्यापासून सांगणे, पुन्हा ह्यांची घालमेल, हे सारे टळले होते.

आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, पण पन्नास वर्षे बरोबर राहिलेल्या माणसाला तो दिसतो. ती आंघोळीचे पाणी आणायला गेली तेव्हा हे म्हणाले, "तुला आनंद झाला." आवाज लहान होता, पण शब्द स्पष्ट होते. मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातून जेवण घेतले, पण माझ्याकडे पाहिले नाही.

मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांनी झोपावे म्हणून पालकांना बजावणारी मी शिक्षिका. आणि माझ्याच घरात एक मुलगी परीक्षेच्या रात्री जागली, तेव्हा तिला एक दिवसाची रजा घे, असे म्हणण्याचे मला सुचले नव्हते. खरे सांगायचे तर सुचले होते. मी ते बाजूला सारले होते.

दुसऱ्या दिवशीपासून मी एक बदल केला. रात्री बारा ते चार ती झोपेल आणि त्या वेळात मी जागी राहीन. दोनच्या सुमाराला एकदा ह्यांना कुशीवर वळवायचे असे. ते तिने मला कंबर न वाकवता, पलंगावर पसरलेली आडवी चादर ओढून कसे करायचे ते शिकवले. हे काम दोन वर्षे मी चुकीच्या पद्धतीने करत होते, म्हणूनच कमर गेली. ज्या घरांत रुग्णाला वळवावे लागते त्यांनी ही आडव्या चादरीची पद्धत आपल्या परिचारिकेकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून जरूर शिकून घ्यावी. त्या चार तासांत मी कापूस वळला, जुन्या पत्रांचे गठ्ठे लावले आणि दुपारी झोपू लागले. मे महिन्यात तिने श्रवणाचा तेवढाच भाग पुन्हा दिला. अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले.

मला वाटले, संपले. पण भाषा हा पहिला उंबरठा होता. दुसऱ्या उंबरठ्यावर तिचा एजंट बसला होता. आमच्याकडे येण्यापूर्वीच तिने एका माणसाला साठ हजार रुपये आगाऊ दिले होते, एकूण साडेतीन लाख ठरले होते आणि तिची मूळ प्रमाणपत्रे त्याच्या कपाटात होती. हे ऐकून हे इतके संतापले की त्यांचा हात थरथरायचा थांबेना. आमच्या वकील भाच्याने चौकशी केली. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील उत्प्रवासी संरक्षकांकडे नोंदणी करणे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने बंधनकारक आहे आणि तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्या यादीत या गृहस्थांचे नाव नव्हते. वकिलाची नोटीस गेल्यावर प्रमाणपत्रे परत आली. साठ हजार मात्र आले नाहीत.

पुढे तिच्या जर्मन वर्गातल्या एका मैत्रिणीमुळे तिला कळले की, उमेदवाराकडून पैसे न घेता भरतीचा खर्च स्वतः उचलणारी इस्पितळेही जर्मनीत आहेत आणि अशा न्याय्य भरतीसाठी तिथल्या शासनाचे मानचिन्हही आहे. केरळच्या 'नोर्का-रूट्स' या शासकीय संस्थेने २०२१ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीच्या रोजगार विभागाशी करार करून 'ट्रिपल विन' योजनेतून परिचारिका पाठवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तो २०२४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ही निघायच्या तोंडावर. तिला दक्षिण जर्मनीतील एका लहान शहरातल्या इस्पितळाने व्हिडिओवर मुलाखत घेऊन निवडले. मुलाखत आमच्याच दिवाणखान्यात झाली. आतल्या खोलीतून हे कान देऊन ऐकत होते.

तिसरा उंबरठा कागदांचा. तिकडे परिचारिकेचा पेशा कायद्याने बांधलेला आहे. बाहेर शिकलेल्या परिचारिकेचे शिक्षण तिथल्या शिक्षणाशी ताडून पाहिले जाते आणि प्रत्येक राज्याचे त्यासाठी वेगळे कार्यालय असते. कोणता विषय किती तास शिकलात, कोणत्या वॉर्डात किती तास काम केले, याचा हिशेब लागतो आणि प्रत्येक कागदाचे अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. तिच्या परिचर्या विद्यालयातून तासांचा तपशील मिळवण्यासाठी तिने चार खेपा घातल्या. जुन्या इस्पितळाने अनुभवाचे पत्र द्यायला दोन महिने लावले.

आणि २०२३ च्या डिसेंबरात तिकडून उत्तर आले. त्याला 'डेफिट्सिटबेशाइड' म्हणतात. काय कमी आहे ते सांगणारे पत्र. तिच्या शिक्षणात वृद्धांची परिचर्या, मानसोपचार आणि घरगुती परिचर्या या विषयांचे तास अपुरे ठरले होते.

वृद्धांची आणि घरगुती परिचर्या! ती वाक्ये तिने मला मराठीत समजावून सांगितली आणि आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प बसलो. दीड वर्ष ती माझ्या डोळ्यांसमोर दुसरे काय करत होती? नोकरीचा अनुभव सिद्ध करता आला तर अशी उणीव काही अंशी भरून निघू शकते. पण ब्यूरोचे काम रोखीचे. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही. मी स्वतः एक पत्र लिहिले, आमच्या डॉक्टरांची त्यावर सही घेतली, त्याचे भाषांतर करून पाठवले. त्याची दखल घेतली गेली नाही. घरात काम करणाऱ्या माणसाला आपण वेळेवर पैसे देतो, सणाला साडी देतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. तिच्या कामाचा कागद तिच्या हाती देणे हेही आपलेच देणे आहे, हे मला तेव्हा समजले. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्याच महिन्यात नेमणुकीचे पत्र देते आणि पगार बँकेतून करते.

उणिवेचे पत्र म्हणजे नकार नव्हे. दोन वाटा असतात. एक तर ज्ञानपरीक्षा द्यायची, जी अनुत्तीर्ण झाल्यास एकदाच पुन्हा देता येते. किंवा काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण घ्यायचे. तिने प्रशिक्षण निवडले. त्या काळात तिथे तिला परिचारिका म्हणवून घेता येणार नव्हते. सहायक म्हणून काम आणि पगारही सहायकाचा.

२०२४ च्या मार्चमध्ये ती गेली. जाण्यापूर्वीच्या महिन्यात तिने दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात ह्यांचे सगळे लिहून काढले. लेव्होडोपाची गोळी जेवणापूर्वी अर्धा तास द्यायची, डाळ किंवा दुधाबरोबर नको. गोळीची वेळ दहा मिनिटांनीही चुकवायची नाही. पाणी पिताना मान मागे न टाकता हनुवटी खाली. पाय अडकले तर ओढायचे नाही. जमिनीवरच्या फरशीची रेघ दाखवून 'ही ओलांडा' म्हणायचे. उजव्या टाचेवर लाली दिसली तर त्याच दिवशी सांगायचे. शेवटच्या पानावर लिहिले होते, "आजोबांना बोलायला वेळ लागतो. त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये." वाचकहो, तुमच्या घरातही रुग्णाची देखभाल एकाच व्यक्तीच्या डोक्यात साठवलेली असेल, तर आजच अशी वही करा. माणसे जातात, जाणे हा त्यांचा हक्कच असतो.

तिकडून ती रविवारी फोन करी. पहिले महिने कठीण गेले. तिला बी-टूची भाषा येत होती, पण वॉर्डातले म्हातारे तिथल्या बोलीत बोलत आणि तिला शब्द ओळखू येत नसत. "आजी, पुण्यात शिकून जिंतूरच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतंय," असे ती म्हणाली. कामाची रीतही निराळी. आपल्याकडे इस्पितळात रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे हे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि परिचारिका शिरेत सुई लावते. तिकडे शिरेतील सुई बहुधा डॉक्टर लावतात, आणि अंग पुसणे, दात घासून देणे, भरवणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे मुख्य काम मानले जाते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळलेल्या तिच्या बरोबरीच्या काही मुलींना हा अपमान वाटे. तिला तसे वाटले नाही. "मला सवय होती ना, आजी. आजोबांनी शिकवलं," एवढेच ती बोलली.

एका वृद्ध बाईंनी मात्र तिच्या हाताने आंघोळ करून घ्यायला नकार दिला. कारण त्यांनी सांगितले नाही. ते तिला कळले. तिची वरिष्ठ परिचारिका बाईंना काहीतरी सुनावणार होती, पण हिनेच तिला थांबवले. रोज सकाळी त्या खोलीत जाऊन ती नमस्कार करून परत येई. बाराव्या की तेराव्या दिवशी त्या बाईंनी विचारले, "वोहेर कोमेन झी?" हे सांगताना ती हसत होती, पण त्या बारा दिवसांत ती कशी झोपली असेल, हे मी विचारले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो की, जगात २ कोटी ९८ लाख परिचारक-परिचारिका आहेत आणि त्यांच्यापैकी दर सातांमधील एक जण दुसऱ्या देशात जन्मलेली आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्के. हे आकडे वाचताना मला दोन पलंग दिसतात. एक तिकडच्या त्या बाईंचा आणि एक आमच्या घरातला. दोन्हींच्या मध्ये एकच मुलगी आहे, आणि तिने कुठल्या पलंगाशी उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईंना नाही, मलाही नाही. तिच्या आईचा प्रश्न खोटा नव्हता. इथे म्हातारी माणसे कमी नाहीत. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने का द्यावे? तिच्या कामाचे मोल न करणाऱ्या इस्पितळांनी, कागद न देणाऱ्या ब्यूरोंनी आणि तिची परीक्षा बुडाल्यावर मनात सुखावणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते द्यायला हवे.

ती गेल्यानंतर आमच्याकडे दोघीजणी येऊन गेल्या. सध्याची तिसरी बीडकडची आहे. तिला वही वाचायला दिली, तर म्हणाली, "आजी, यात तर सगळंच लिहिलंय." रात्री बारा ते चार मी अजूनही जागते. वय वाढले, पण ती सवय आता मला सुटत नाही आणि त्या मुलीलाही झोप मिळते.

ह्यांचा आवाज या वर्षभरात पुन्हा खूप लहान झाला आहे. जर्मन संभाषण बंद पडल्याचा तो परिणाम की आजाराचा, ते मला सांगता येणार नाही. गेल्या मार्चमध्ये एका शुक्रवारी सायंकाळी तिचा अचानक व्हिडिओ आला. पूरक प्रशिक्षण आणि शेवटची मुलाखत पार पडून तिला परवान्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्यावर तिच्या नावामागे 'फ्लेगेफाखफ्राउ', म्हणजे पूर्ण हक्काची परिचारिका, असे लिहिले होते. तो कागद तिने पडद्यासमोर धरला. तिच्या मागे इस्पितळाचा लांब पांढरा बोळ दिसत होता आणि तिचा आवाज भरून आल्यामुळे नीट ऐकू येत नव्हता.

मी फोन ह्यांच्या तोंडासमोर नेला. ते बराच वेळ पाहत राहिले. ओठ हलले. मी त्यांचे वाक्य पुरे करणार होते, पण वहीचे शेवटचे पान आठवले आणि थांबले. मग ते बोलले. त्या वर्षात मी ऐकलेला तो त्यांचा सर्वांत मोठा आवाज होता.

"लाउटर, बिटे!"

तिने डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि प्रमाणपत्रावरचे आपले नाव, गाव आणि पद त्या बोळात मोठ्याने वाचून दाखवले.